निदानरेषेच्या जरा पलीकडे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. एकच ओळ, "काका, माझं फुटबॉल संपलं का?" आणि खाली ऑपरेशनचे टाके काढलेल्या गुडघ्याचा फोटो. सूज चांगली उतरली आहे. फोन मुद्दाम केला नाही, कारण फोनवर तू नुसतं "हो हो" करतोस. पाच वर्षं रविवारच्या मराठी शाळेत गेलास, तेव्हा वाचता येईल. अडलं तर आजीला विचार. तीही ऐकेल म्हणून तुला पाठ असलेल्या काही गोष्टी फोड करून लिहितोय.

तू फ्रँक गोअरचं नाव ऐकलं असशील, पण त्याला खेळताना नीट पाहिलं नसशील. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पोटाशी धरून समोरच्या भिंतीत घुसायचं, हे रनिंग बॅकचं काम. (आजी, कबड्डीतली चढाई, फक्त 'कबड्डी कबड्डी' न म्हणता.) गोअरने हे काम 16 हंगाम केलं, 37 वर्षांचा होईपर्यंत. या जागेवरचे बहुतेक जण तिशीच्या आतच घरी बसतात. चेंडू घेऊन धावत कापलेले बरोब्बर 16,000 यार्ड त्याच्या नावावर आहेत. त्याच्या पुढे दोघंच, एमिट स्मिथ आणि वॉल्टर पेटन.

16,000 यार्ड म्हणजे साधारण साडेचौदा किलोमीटर. एवढं अंतर कापायला त्याने 3,735 वेळा चेंडू घेतला. भागाकार कर. दर वेळी चार मीटरसुद्धा होत नाहीत. मी सांगलीला कॉलेजात कबड्डी खेळायचो, तिथे चढाई करणाऱ्याला ओलांडावी लागते ती निदानरेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते. म्हणजे हा माणूस 16 वर्षं निदानरेषेच्या जरासा पलीकडे जात राहिला, आणि दर वेळी कोणीतरी त्याला आडवं केलं. तुझ्या मोबाईलवर फिरतात त्या 80 यार्डांच्या धावा. तशाही त्याने काढल्या, 2009 साली सिॲटलविरुद्ध एकाच सामन्यात एक 79 यार्डांची आणि एक 80 यार्डांची. पण त्याचं पोट भरलं ते चार मीटरवर.

आता गुडघ्याचं. 2001 साली मायामी विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय विजेता झाला, त्यात गोअर पहिल्या वर्षाचा पोरगा होता आणि दर धावेला नऊ यार्डांच्या वर काढत होता. 2002 च्या सरावात उजवं एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारा अस्थिबंध, गेलं, अख्खा हंगाम बुडाला. त्याची जागा विलिस मॅगेहीला मिळाली आणि हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याचाही गुडघा मोडला. 2003 मध्ये गोअर परतला, पाच सामने खेळला आणि डावं एसीएल गेलं. तुझं एक गेलंय. व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडतात, त्या 2005 च्या निवडीत सगळे संघ ते गुडघे बघून कचरत होते. शेवटी 65 व्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोने त्याला घेतलं आणि पहिल्या हंगामानंतर दोन्ही खांद्यांची ऑपरेशनं झाली. पुढच्याच वर्षी त्याने 1,695 यार्ड काढले.

इथे थांब. तुझा बाबा ही गोष्ट ऐकून लगेच म्हणेल, "बघ, त्याला जमलं तर तुला का नाही?" त्याचं ऐकू नकोस, आणि मी असं म्हटलंय असंही त्याला सांगू नकोस. टेरेल डेव्हिस हाही रनिंग बॅकच, त्याने 1998 साली 2,008 यार्ड काढले. पुढच्या हंगामाच्या चौथ्या सामन्यात त्याच्या संघाचा चेंडू समोरच्याने पळवला, हा त्याला अडवायला धावला आणि गुडघा गेला. त्यानंतरच्या दोन हंगामांत मिळून तो 13 सामने खेळला, मग संपलं. मेहनत त्यानेही केलीच असणार. शरीर करारावर सही करत नाही. आणि कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या शंभरांतले दोनही एनएफएलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक लीगपर्यंत, पोचत नाहीत, हे गुडघा ठणठणीत असतानाही खरंच होतं. तेव्हा गणिताचा पेपर बुडवू नकोस.

मग गोअर कशाला सांगितला? त्याने चेंडूशिवायचं काम शिकून घेतलं म्हणून. क्वार्टरबॅक, म्हणजे आपला चेंडू फेकणारा, मागे सरकतो तेव्हा समोरून एखादा लाइनबॅकर, म्हणजे समोरच्या संघाचा बचावपटू, सुसाट येतो, आणि त्याच्या आडवं पडायचं ते रनिंग बॅकने. याला टाळ्या नाहीत, आकडेवारीत याचा रकानाही नाही. पण हे न येणाऱ्या पोराला कोच महत्त्वाच्या वेळी बाहेर बसवतो, मग तो कितीही पळो. गोअर यात पक्का होता. तिशी उलटल्यावर इंडियानापोलिस, मायामी, बफेलो, न्यूयॉर्क अशा चार संघांना तो हवासा वाटला, त्यात याचा वाटा मोठा आहे, असं माझं मत.

हे शिकायला गुडघा लागत नाही. कोचकडून गेल्या हंगामाची फिल्म माग. रोज दहा प्ले, म्हणजे दहा डाव, बघ, चेंडूकडे अजिबात न पाहता. चेंडू सुटायच्या आधी व्हिडिओ थांबव आणि मोठ्याने सांग, "हा येणार." मग पुढे चालव. पहिला महिनाभर चुकशील.

आणि ऑपरेशननंतरचे नऊ महिने. तू मोजलेस, जुलै आला, ऑगस्टमध्ये सराव सुरू, म्हणून खूश आहेस. कॅलेंडर बघून कोणी बरं होत नाही. नऊ महिन्यांच्या आत उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि तुझ्या वयात चांगला गुडघाही जातो. गोअरचं डावं आठव. उजव्या मांडीची ताकद डावीच्या निदान नव्वद टक्के भरली पाहिजे, एका पायावरची उडी दोन्ही बाजूंनी सारखी पडली पाहिजे. नाही भरली तर ऑगस्ट गेला, सप्टेंबर बघू. माझा गुडघा गेला तेव्हा जिल्ह्याचे सामने आहेत म्हणून चौथ्या महिन्यात पट्टा बांधून उतरलो. कोणी जबरदस्ती केली नव्हती, मीच लाडीगोडी लावून नाव घालून घेतलं. दुसऱ्याच चढाईत बसलो. मी फिजिओ का झालो, हे तू एकदा विचारलं होतंस.

मांडी आता हातभर कापडासारखी लोंबत असेल. लाज वाटून घेऊ नकोस, सगळ्यांची तशीच होते. पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबायचा व्यायाम दिवसातून पाच वेळा कर, टीव्ही बघत केलास तरी चालेल.

शनिवारी जिना उतरतानाचा व्हिडिओ पाठव. समोरून काढ, हाफ पँट घालून, कठडा न धरता नको, धरूनच. आजीला काढायला सांग, ती फोन हलवत नाही.

तुझा,
काका