सोल आणि जेजू बेट पाच दिवसांत नीट पाहून होईल का?

होईल, पण सोलला तीन दिवस द्या, जेजूला दोन, आणि मधला प्रवास विमानानेच करा. सोलच्या गिम्पो विमानतळावरून जेजू जेमतेम सव्वा तास आहे. सोलमध्ये ग्योंगबोकगुंग हा 1395चा राजवाडा मंगळवारी बंद असतो आणि चांगदोकगुंग सोमवारी; वार न बघता गेलेले कितीतरी जण दारातून परततात. एकच राजवाडा जमणार असेल तर चांगदोकगुंग निवडा. त्याच्या मागची राजबाग फार सुंदर आहे, मात्र तिचं तिकीट वेगळं असतं.

जेजू हे बेटच ज्वालामुखीतून घडलंय. दोन दिवसांत हाल्लासान शिखराचा (सुमारे 1,950 मीटर) हट्ट धरू नका, त्यात एक अख्खा दिवस जातो. त्यापेक्षा पहाटे सोंगसान इल्चुलबोंग ही ज्वालामुखीची टेकडी चढा. अर्ध्या तासात माथा, समोर विवराची हिरवी वाटी आणि पलीकडे समुद्र!

मी दोन्हीकडे जाऊन आलोय, त्यावरून सांगतोय. एक मात्र लक्षात ठेवा: जेजूला व्हिसाशिवाय जाण्याची सवलत सोलला चालत नाही. भारतीय पासपोर्टवर सोलसाठी कोरियाचा व्हिसा आधीच काढावा लागतो.