‘आमची मुलगी दिवसभर राजकन्याच असते’

लहान मुलींचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी ज्या काळज्या घेऊन येतात, त्यात हल्ली राजकन्येचा नंबर बराच वर लागतो. गुलाबी झग्याशिवाय दुसरं काही अंगाला लागू देत नाही, मुकुट डोक्यावरून उतरत नाही, तोच सिनेमा पुन्हा पुन्हा, टॅबवर राजकन्येला सजवायचे गेम आणि खेळायला त्याच बाहुल्या. हे सगळं काढून टाकावं का, असं विचारतात. त्यातल्याच एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी साडेचार वर्षांची. आई-बाबा मुलगा-मुलगी असा भेद न मानणारे. आईच्या बोलण्यात काळजी होती, पण त्याहून जास्त ती दुखावलेली होती. “मॅडम, आम्ही तिला ब्लॉक्स आणले, गाड्या आणल्या, सायकल आणली. मी स्वतः कधी नटत-मुरडत नाही. मग हे आलं कुठून? परवा बागेत घसरगुंडीवर चढेना. का, तर झगा मळेल. राजकन्या मळत नाहीत म्हणे!” बाबांच्या मते वय आहे, जाईल निघून. आजीला नातीचं सगळंच कौतुक. आईने मनाशी ठरवून टाकलं होतं: सिनेमे बंद, बाहुल्या माळ्यावर. माझ्याकडून तिला फक्त होकार हवा होता.

मी लगेच काही बोलले नाही. आधी मुलीबरोबर खेळायला बसले.

तिने बाहुली उचलली, केस विंचरले, मुकुट चढवला, बूट घातले. मग तो मुकुट काढून दुसरा घातला, बूट बदलले, परत केस विंचरले. मी विचारलं, “राजकन्या कुठे निघाल्या?”

“कुठे नाही. ती तयार होतेय.”

“आणि तयार झाल्यावर?”

ती थांबली. बाहुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मग नवीन ड्रेस उघडणार. त्याला कुलूप असतं ना!”

सिनेमातली राजकन्या कितीही जुन्या वळणाची असली तरी तिच्याबाबतीत काहीतरी घडतं. ती घाबरते, घर सोडते, मैत्री करते, चुकते. या मुलीच्या खेळात मात्र गोष्टच नव्हती, नुसती तयारी होती. ती कुठून आली हे टॅबवरचा गेम उघडल्यावर दिसलं. पडद्यावर एक रडवेला चेहरा, गालावर पुरळ, भुवया दाट. बोटाने घासलं की पुरळ जातं. भुवया कोरायच्या, ओठ रंगवायचे, ड्रेस चढवायचा. की टाळ्या, चांदण्या आणि लगेच पुढचा रडवेला चेहरा. मधूनमधून जाहिरात. सगळ्यात सुंदर ड्रेसवर कुलूप. आईने सिनेमे मुलीशेजारी बसून पाहिले होते, म्हणून तिचा राग सिनेमांवर होता. हा गेम मात्र मुलगी एकटीच खेळायची, आईचा स्वयंपाक आणि ऑफिसचे फोन चालू असताना.

हे एकाच गेमपुरतं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची 135 ॲप्स तपासली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 95 टक्के ॲप्समध्ये कोणत्या ना कोणत्या रूपात जाहिरात सापडली. काही ठिकाणी तर खेळातलं पात्रच मुलांना विकत घ्यायची गळ घालत होतं. खेळ कुठे संपला आणि विक्री कुठे सुरू झाली, हे या वयात कळत नाही. म्हणून तो गेम काढायला मी स्पष्टपणे सांगितलं. त्याच्या जागी ‘चांगला’ सजावटीचा गेम शोधू नका, हेही सांगितलं.

सिनेमे आणि बाहुल्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात राजकन्यांमध्ये जास्त रमणारी बालवाडीच्या वयाची मुलं वर्षभरानंतर ‘मुलींचे’ म्हटले जाणारे खेळ आणि वागणं अधिक दाखवत होती. हे ऐकून आई म्हणाली, “बघा, मी म्हणत होते!” पण याच गटाने पुढे काही वर्षांनी पुन्हा पाहणी केली. 2021 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत, लहानपणी राजकन्यांमध्ये रमलेली मुलं-मुली ‘पुरुषाने असंच वागावं’ या ताठर कल्पना उलट कमी मानत होती. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. तरी साडेचार वर्षांच्या झग्यावरून पंचवीस वर्षांच्या बाईचं भविष्य वर्तवू नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

आईचा खरा प्रश्न ‘हे आलं कुठून’ हाच होता आणि त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो. साधारण तीन वर्षांच्या मुलीला आपण मुलगी आहोत हे कळतं. पण कपडे बदलले, केस कापले तरी आपण मुलगीच राहणार, हे पक्कं कळायला आणखी काही वर्षं जातात. मधल्या काळात ती डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांना घट्ट धरून ठेवते. फ्रिल, गुलाबी रंग, लांब केस या त्या खुणा. मुलगेही याच वयात ‘हे मुलींचं आहे’ म्हणून एखादा रंग नाकारतात. 2014 च्या एका अमेरिकी अभ्यासात मुलींच्या या झगा-हट्टाचा पालकांच्या कपड्यांच्या आवडीशी संबंध आढळला नाही. हे सांगितल्यावर आई पहिल्यांदाच खुर्चीत टेकून बसली. तिच्या वाढवण्यात काही कमी पडलं नव्हतं, आणि हे तिला कुणीतरी सांगायची गरज होती.

मग आम्ही खेळाकडे वळलो. बाबांना मी एक आकडा सांगितला. 1989 च्या ‘द लिटल मर्मेड’ या जलपरी राजकन्येच्या सिनेमात नायिका मुलगी असूनही 68 टक्के संवाद पुरुष पात्रांच्या तोंडी आहेत, असं दोन भाषा-अभ्यासकांनी मोजलं आहे. बाबा चमकले. त्यांना काम दिलं: रोज थोडा वेळ राजकन्येचे प्रधान व्हा, पण निर्णय तिने घ्यायचे. “महाराणी, नदीवरचा पूल पडला, लोक पलीकडे अडकलेत!” एवढं बोलून गप्प बसायचं. पहिल्या दिवशी तिने हुकूम सोडला, “त्यांना सांगा, नवीन बूट घाला.” बाबांनी वाद घातला नाही. निरोप देऊन आले आणि म्हणाले, “बूट घातले, पण अजून पलीकडेच आहेत.” काही दिवसांनी धूळ खात पडलेले ब्लॉक्स पुलासाठी बाहेर आले.

घसरगुंडीसाठी उपाय अगदी साधा निघाला. एक जुना झगा ‘मोहिमेचा झगा’ ठरला, खाली लेगिंग. तो मळलाच पाहिजे, असा नियम. आजीला ‘गोड दिसतेस’ म्हणू नका असं मी सांगितलं नाही. आजीने तेवढंही म्हणायचं नाही तर कुणी? फक्त त्यापुढे “आज राज्यात काय काय झालं?” हे विचारायचं ठरलं. सिनेमा पाहताना आईने मध्येच विचारायचं, “तू असतीस तर काय केलं असतंस?” उत्तर काहीही येवो, ते सुधारायचं नाही.

मुलीने गुलाबी रंग सोडला नाही. तो सोडवायचा नव्हताच. ती चढू लागली, हुकूम देऊ लागली, इतर मुलांना राज्यात घेऊ लागली.

मला अशा वेळी खरी काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टींची. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते सहा वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलींना आपण जाड होऊ अशी भीती होती. राजकन्यांची दृश्यं दाखवल्याने त्यांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी तिथल्या तिथे वाढली नाही. म्हणजे भीती आधीपासून त्यांच्याजवळ होती. त्यामुळे घरात मोठी माणसं स्वतःच्या वजनाबद्दल, रंगाबद्दल मुलांदेखत काय बोलतात, ते मी नेहमी विचारते. मुलगी ‘मी घाण दिसते’ असं वारंवार म्हणत असेल, जाड होईन म्हणून ताट सारत असेल, आरशासमोर रडत असेल किंवा झग्याशिवाय घराबाहेर पडणंच थांबलं असेल, तर ‘वय आहे, जाईल’ म्हणून वाट पाहत बसू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि सोबत समुपदेशकाकडेही या.