सहावा गोलंदाज आणायचा कुठून?

प्रश्न : सर, २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाची अंतिम लढत बघायला मी इथल्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर होतो. शफाली वर्माच्या हाती चेंडू दिला तेव्हा आमच्या स्टँडमधले बरेच जण कपाळाला हात लावून बसले. दोन बळी मिळाले, ते नशीब. पण पाच जणांनी दहा-दहा षटकं टाकली की पन्नास भरतात. मग सहाव्याचा हट्ट कशाला? एक फलंदाज जास्त घ्यावा.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : पन्नास भरतात, पण पाचांपैकी एकाला मार पडला की त्याची उरलेली षटकं टाकणार कोण? त्याच स्पर्धेत विशाखापट्टणमला आपण पाच मुख्य गोलंदाजांवर ३३० धावा राखायला गेलो आणि ऑस्ट्रेलियाने त्या पार केल्या. मग इंदूरला इंग्लंडविरुद्ध सहावी गोलंदाज हवी म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला बसवून रेणुका सिंगला घेतलं. सामना चार धावांनी गेला. पुढे उपांत्य फेरीत तुमच्याच नेरूळला नाबाद १२७ केल्या त्या जेमिमानेच! सहावा हवाच, पण तो फलंदाज बसवून नको, फलंदाजांतूनच काढा.

अंतिम सामन्यात कर्णधार हरमनप्रीतने तेच केलं. शफालीने पहिल्या षटकात दक्षिण आफ्रिकेच्या सुने लुसला आणि पुढच्यात मारिझान कापला उडवलं. सात षटकांत ३६ धावा दिल्या. ८७ धावा काढलेल्या सलामीवीराकडून आणखी काय हवं? सात षटकं नुसत्या नशिबावर निघत नाहीत हो.

उलट २०२३ च्या पुरुष विश्वचषकाचा अहमदाबादचा अंतिम सामना आठवा. ऑस्ट्रेलियाने ट्रॅव्हिस हेड आणि मिचेल मार्शकडून दोन-दोन षटकं काढून घेतली. चार षटकांत फक्त ९ धावा! आपल्याकडे बुमरा, शमी, सिराज, जडेजा, कुलदीप, बस्स. हेड-लाबुशेन जोडी जमली तेव्हा रोहितने बघायचं कुणाकडे? आठवड्यापूर्वी नेदरलँड्सविरुद्ध कोहली-रोहितनी एकेक बळी घेतला होता, पण ती गंमत होती, तयारी नव्हे.

नियमांनीही या कामचलाऊ गोलंदाजांचं कंबरडं मोडलं. २०११ च्या विश्वचषकात युवराजने १५ बळी घेतले. त्याच वर्षाअखेर दोन्ही टोकांना वेगळा नवा चेंडू आला, म्हणजे फिरकीला हवा तसा तो जुना व्हायलाच तयार नाही. २०१२ पासून मधल्या षटकांत वर्तुळाबाहेर पाचाऐवजी चारच क्षेत्ररक्षक. कामचलाऊ फिरकीवाल्याने स्वीप अडवायचा की लाँगऑन? जुलै २०२५ पासून पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांत ३४ षटकांनंतर दोनपैकी एकच चेंडू ठेवतात. हात फिरवणाऱ्या फलंदाजाला त्याचा थोडा आधार मिळावा.

पण खरा घोळ नेटमध्ये आहे. हल्ली साइडआर्मने, म्हणजे चेंडू फेकायच्या लांब दांडीने, सराव देणारी माणसं असतात, त्यामुळे फलंदाज पॅड सोडले की इतरांना गोलंदाजी न करता थेट पाण्याची बाटली तोंडाला लावतो. ठाण्यात माझ्याकडे येणारी मुलंही तेच करतात. बोलून बोलून घसा बसला.

प्रश्न : सर, मी पंधरा वर्षांचा आहे. सलामीला खेळतो, लेगस्पिनही टाकतो. सगळे म्हणतात, एकच धर. काय करू?
– एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : फलंदाजी धर आणि लेगस्पिन टाकत राहा. बॅटिंग झाल्यावर, दमलेला असतानाच, रोज चार षटकं. गुगली सध्या नको. आधी सहाही चेंडू एका टप्प्यावर पडू देत. आणि कॅप्टनला सांगून ठेव, नाहीतर तो तुला चेंडू देणारच नाही.