वाचकांचे प्रश्न: सीझन मध्येच का ढेपाळतो?

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेकांचं दुखणं एकच आहे: सुपरहिरोची आवडती मालिका अर्धी चांगली, अर्धी रटाळ. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. उत्तरांत कथानक फोडलेलं आहे. ‘द फ्लॅश’ किंवा ‘ल्यूक केज’ ज्यांना अजून पाहायची आहे, त्यांनी ती दोन उत्तरं तूर्त वगळावीत.

‘द फ्लॅश’चा सहावा सीझन ‘क्रायसिस’पर्यंत (पाच मालिकांची ती जोडकथा) जागचं हलू देत नव्हता. मग ती आरशाची भानगड सुरू झाली. सातव्यात तर तीन वेगळ्या मालिका एकत्र शिवल्यासारखं वाटतं. भाचा म्हणतो कोविडमुळे झालं, बिचारे काय करणार. मला पटत नाही. कोण बरोबर?
— राजेंद्रनगर, इंदूर

सातव्याच्या पहिल्या तीन भागांपुरता भाचा बरोबर, उरलेल्या पंधरांसाठी तुम्ही.

भाच्याची बाजू आधी. सहावा सीझन २२ भागांचा ठरला होता. मार्च २०२०मध्ये व्हँकुव्हरमधलं चित्रीकरण बंद पडलं आणि १२ मे २०२०ला १९व्या भागावरच सीझन आटोपला. बॅरीची, म्हणजे फ्लॅशची, बायको आयरिस आरशाच्या आतच राहिली. पुढचा भाग दिसला थेट २ मार्च २०२१ला. सहाव्याचा राहिलेला शेवट असा सातव्याच्या डोक्यावर येऊन बसला, आणि नव्या सीझनची खरी सुरुवात चौथ्या भागापर्यंत लांबली. त्यात राल्फ डिबनीचं काम करणारा नट २०२०च्या जूनमध्ये मालिकेतून काढला गेला, त्यामुळे त्या पात्राची चांगली रंगत आलेली गोष्ट तिसऱ्या भागात चेहरा न दाखवताच गुंडाळावी लागली. यातलं काहीच लेखकांच्या हातात नव्हतं.

आता तुमची बाजू. सहाव्याचा पूर्वार्ध का पकडून ठेवतो ते आधी पाहू, म्हणजे पुढे काय हरवलं ते कळेल. शोरनर (मालिकेचे मुख्य लेखक-निर्माते) एरिक वॉलेस यांनी तो सीझन मुद्दाम दोन खंडांत तोडला होता. पहिल्या आठ भागांत खलनायक रॅम्सी रोसो, म्हणजे ब्लडवर्क. (सेंधिल राममूर्ती. ‘हीरोज’मधला मोहिंदर सुरेश आठवत असेल.) बॅरीला पहिल्याच भागापासून माहीत आहे की १० डिसेंबर २०१९ला आपल्याला मरायचं आहे. समोरचा रोसो मृत्यूला इतका घाबरलेला की जगण्यासाठी काहीही करेल. एक मरण स्वीकारतो आहे, दुसरा नाकारतो आहे आणि डोक्यावर तारीख टांगलेली. एवढं पक्कं असलं की एखादा भाग इकडेतिकडे झाला तरी चालतं, कारण प्रत्येक भागागणिक दिवस कमी होत असतात.

‘क्रायसिस’नंतर ही तारीख गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. आयरिस दहाव्या भागाच्या शेवटी आरशात ओढली जाते, तिच्या जागी नकली आयरिस घरात वावरते आणि ते बॅरीच्या लक्षात यायला कितीतरी भाग जातात. कल्पना म्हणून इव्हा मॅक्युलक चांगली खलनायिका आहे: तीही वर्षानुवर्षं आरशात अडकलेली, बाहेर तिचा नवरा मोकाट. पण गुन्ह्याच्या जागेवरचा कण न् कण तपासणाऱ्या बॅरीला स्वतःची बायको बदललेली कळत नाही, हे प्रेक्षक दोन भाग सहन करतो. त्यापुढे तो खलनायिकेवर नाही, नायकावर चिडतो. इथे दोष महामारीचा नाही. हे सगळं मार्च २०२०च्या आधीच लिहून झालं होतं.

सातव्यातली मोठी चूक चौथ्या ते अकराव्या भागांत आहे. बॅरी आणि आयरिसच्या प्रेमातून स्पीड फोर्स (बॅरीच्या वेगाचं मूळ) पुन्हा पेटतो आणि त्यातूनच आणखी तीन शक्ती जन्मतात: बळाची, मनाची आणि स्थिरतेची. स्पीड फोर्स स्वतः बॅरीच्या मृत आईच्या, नोराच्या रूपात येतो. इथवर ठीक. पण मग या शक्ती ज्यांच्यात शिरल्या त्या अनोळखी माणसांना बॅरी-आयरिस आपली मुलं मानू लागतात, आणि त्यांनी शहराची नासधूस केली तरी सगळा प्रश्न ‘त्यांना समजून घ्या’ एवढ्यावर येतो. नव्या पात्रांना एकेक भागसुद्धा धड मिळालेला नाही, तरी आपण त्यांच्यासाठी रडावं अशी अपेक्षा आहे. शिवाय दर भागात शेवटची पाच मिनिटं कुणीतरी कुणालातरी धीर देत उभं असतं. हे भाषण पहिल्या सीझनमध्येही होतं. तेव्हा ते बॅरीला वाढवणाऱ्या जो वेस्टच्या तोंडी यायचं आणि एकदाच यायचं.

बाराव्यात बॅरीचा जुना सोबती सिस्कोचा निरोप, तेरावा आणि चौदावा सुटे. गॉडस्पीड या वेगवान खलनायकाशी खरी लढाई पंधराव्यापासून. गॉडस्पीडच्या नकला सहाव्या सीझनपासून डोकावत होत्या, पण त्यांच्यामागचा खरा गॉडस्पीड, ऑगस्ट हार्ट, कोण आणि त्याला हवंय काय हे शेवटी शेवटी घाईत उरकलं. म्हणूनच अखेरच्या भागात फ्लॅश आणि रिव्हर्स-फ्लॅश विजेच्या तलवारी उपसतात तेव्हा थरारण्याऐवजी हसू येतं. रिव्हर्स-फ्लॅशसोबत खांद्याला खांदा लावून लढावं लागणं हा खरं तर अख्ख्या सीझनचा प्रश्न व्हायला हवा होता. बॅरीच्या आईचा खुनी आहे तो.

पुन्हा पाहायचं झालं तर असं पाहा. सहाव्याचे १ ते ८. मग ‘क्रायसिस’चे पाच तास याच क्रमाने: ‘सुपरगर्ल’, ‘बॅटवुमन’, ‘फ्लॅश’, ‘ॲरो’, ‘लेजंड्स ऑफ टुमारो’. मग सहाव्याचे १० ते १९ आणि त्याला जोडूनच सातव्याचे १, २, ३. या तेरा भागांची एकच गोष्ट समजा, मध्ये खंड पाडू नका. त्यानंतर सातव्यातला ६वा (सिस्को आणि चेस्टर १९९८मध्ये अडकतात, हलकाफुलका आणि छान), ८वा फ्रॉस्टच्या खटल्यासाठी, १२वा आणि १५ ते १८. मधले सोडलेत तर एवढंच लक्षात ठेवा: तिन्ही शक्ती आधी लढतात, मग समेट होतो. भागांचे क्रमांक मुद्दाम दिले आहेत. मालिका कोणत्या ॲपवर आहे ते सारखं बदलतं.

‘ल्यूक केज’चा पहिला सीझन सातव्या भागापर्यंत अप्रतिम, मग एकदम घसरतो. कॉटनमाउथला मारलं हीच चूक ना? पुढचे सहा भाग सोडले तर चालेल?
— दांडिया बाजार, बडोदा

मारलं ही चूक नाही. सातव्या भागात त्याची चुलतबहीण मरायाच मायक्रोफोनच्या स्टँडने त्याचा जीव घेते, आणि तो सीझनमधला सर्वांत चांगला प्रसंग आहे. कारण तो खून ठरवून झालेला नाही. लहानपणीची जखम नको त्या शब्दाने उघडली आणि चुलतभाऊ गेला. मधेच खलनायक मारण्याचं धाडस फारच थोड्या मालिका करतात.

चूक झाली ती त्याची जागा कुणाला दिली यात. डायमंडबॅक म्हणजे विलिस स्ट्रायकर. तो ल्यूकचा सावत्र भाऊ निघतो, आणि त्याचा सगळा राग आपल्याला त्याच्याच तोंडून ऐकावा लागतो. कॉटनमाउथचा क्लब, त्याचं पियानो वाजवणं, नगरसेविका बहिणीशी चाललेला झगडा हे सगळं आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. माहेरशाला अली या नटाने तर तो माणूस पडद्यावर उभा केलाय. डायमंडबॅक मात्र बायबलातली वचनं म्हणतो, बंदूक रोखतो, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवावा असं मालिका गृहीत धरते. योग्य वारस घरातच होता: मराया. दुसऱ्या सीझनमध्ये (जून २०१८) तिला ती जागा मिळाली आणि तो सीझन बराच सरळ चालला.

दुसरं कारण साधं हिशेबाचं आहे. नेटफ्लिक्सच्या त्या काळच्या मार्व्हल मालिकांना १३ भागांचा साचा होता. ल्यूकच्या गोष्टीत ऐवज नऊ-दहा भागांचा. ‘द डिफेंडर्स’ ८ भागांत उरकली, ‘आयर्न फिस्ट’चा दुसरा सीझन १० भागांवर आणला, आणि दोन्हीकडे निदान पोकळ भाग कमी झाले. (‘आयर्न फिस्ट’ची मारामारी दुसऱ्या सीझनमध्येच बघण्याजोगी झाली, तो वेगळा विषय.)

सहाच्या सहा सोडू नका. नर्स क्लेअर आणि पोलीस अधिकारी मिस्टी नाईटसाठी ८वा आणि ९वा पाहा, आणि १२वा जरूर: गोळ्यांनी भोकं पडलेला हुडी घालून हार्लेमचे लोक ल्यूकच्या बाजूने उभे राहतात ते तिथे येतं. शेवटची रस्त्यावरची मारामारी नाही पाहिली तरी काही बुडत नाही.

‘एजंट्स ऑफ शील्ड’ तीनदा सुरू केली, तीनदा सोडली. मित्र म्हणतात पुढे फार चांगली होते. पुढे म्हणजे कुठे?
— लष्कर, ग्वाल्हेर

सतराव्या भागापासून. आणि हे निर्मात्यांनाही माहीत होतं. त्यांचे हात बांधलेले होते. मालिका २४ सप्टेंबर २०१३ला सुरू झाली, पण शील्ड या हेरसंस्थेचं जे व्हायचं होतं ते ‘कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर’मध्ये व्हायचं होतं आणि तो चित्रपट अमेरिकेत लागला ४ एप्रिल २०१४ला. तोवर सोळा भाग वेळ काढायचा. चित्रपटानंतर चारच दिवसांनी, ८ एप्रिलला, १७वा भाग आला आणि मालिकेचं रूपच पालटलं.

तुमच्यासाठी छोटी वाट: १, ६, १०, ११, १३, १४, १६. मग तो चित्रपट. मग १७ ते २२ सलग. सहावा वगळू नका. फिट्झ आणि सिमन्सची जोडी तिथेच मनात बसते. चित्रपट आधी पाहिलेला असला तरी तो सोळाव्यानंतर पुन्हा पाहा, नाहीतर सतराव्यातल्या गोंधळाचा बोध होत नाही.

आमच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी एका सुपरहिरो मालिकेच्या उतार-चढाव असलेल्या सीझनवर ६०० शब्द लिहायचे आहेत. ‘सुरुवात चांगली, शेवट फसला’ याच्या पलीकडे जाता येत नाही.
— सुदामानगर, इंदूर

अडचण आठवणीची आहे. सगळे भाग दोन-तीन रात्रींत पाहिले की शेवटचे तीनच डोक्यात राहतात आणि मत त्यांच्यावरच बेततं. वहीत तक्ता करा आणि प्रत्येक भाग संपला की लगेच भरा, सकाळवर टाकू नका. रकाने चार पुरेत: भागाचा क्रमांक, नायकाने घेतलेला निर्णय, भाग संपताना नव्याने कळलेली गोष्ट, आणि खलनायक पडद्यावर होता की त्याचं फक्त नाव निघालं. दुसरा आणि तिसरा रकाना लागोपाठ दोन भागांत कोरा राहिला की सीझन नेमका तिथे बसलाय असं बेधडक लिहा.

आणखी एक युक्ती. सुरुवातीचा ‘मागील भागात’ कधीही पळवू नका. पुढच्या भागांच्या उजळणीत मागच्या एखाद्या भागातलं एकही दृश्य येत नसेल, तर तो भाग नसता तरी चाललं असतं हे मालिकेनेच मान्य केलेलं असतं. तुम्हाला वेगळा पुरावा द्यायला नको. अर्थात एकाच खोलीत, चार नटांत उरकलेला प्रत्येक भाग टाकाऊ नसतो. महागड्या दृश्यांचा भाग जवळ आला की खर्च वाचवायला असे भाग करतात, आणि पात्रं कधीकधी तिथेच खुलतात.

लिहिताना तुलना त्याच मालिकेच्या जुन्या सीझनशी करा, चित्रपटाशी नको. पैसा आणि वेळ दोन्ही वेगळे. ‘लेखक आळशी झाले’ हे वाक्य टाळा. नट गेला, भाग कमी झाले, दुसऱ्या मालिकेशी जोडकाम करावं लागलं यातलं काही घडलंय का ते आधी शोधा. सापडलं नाही तर खुशाल लेखकांना धरा. ६०० शब्दांत दोनच भाग तपशिलाने घ्या, एक जमलेला आणि एक फसलेला. आणि छापील स्मरणिकेत नेटवरून उचललेलं पोस्टर विनापरवानगी टाकू नका.

आयएमडीबीवर (प्रेक्षक जिथे गुण देतात त्या साइटवर) रडक्या सीझनच्याही शेवटच्या भागांना चांगले गुण कसे?
— प्रतापनगर, बडोदा

ज्यांना कंटाळा आला ते तोवर निघून गेलेले असतात. गुण देतात ते उरलेले चाहते. उलटही घडतं. ‘द बॉईज’च्या दुसऱ्या सीझनचे पहिले तीन भाग ४ सप्टेंबर २०२०ला एकदम आले आणि बाकीचे आठवड्याला एक, म्हणून चिडलेल्यांनी मालिकेलाच एकेक तारा दिला. राग वेळापत्रकावर, मार गोष्टीला. गुणांशेजारी मतांची संख्या असते. पहिल्या भागाची आणि दहाव्या भागाची शेजारी ठेवून पाहा. दहाव्याची निम्म्यावर आली असेल तर त्या गुणांवर विसंबून सीझन निवडू नका.