शाळेतली दादागिरी 'भावनिक शिक्षणा'च्या तासाने खरंच थांबते का?

प्रश्न परभणीच्या एका पालकांचा आहे. मुलगा सहावीत. जाड चष्म्यावरून वर्गातली पोरं त्याला चिडवतात, डबा लपवतात, येता-जाता टपल्या मारतात. शाळेने पालकसभेत सांगितलं की यंदापासून आठवड्यातून एक तास सामाजिक-भावनिक शिक्षणाचा घेणार. याने काही फरक पडतो का, की सरळ शाळाच बदलावी, असं त्यांना विचारायचंय.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे, सहावी ते आठवीचे वर्ग माझ्याकडे असतात. तेव्हा उत्तरात थोडी मास्तरकी येणार, सांभाळून घ्या.

फरक पडतो. पण तो तास कोणासाठी घेतला जातो, तिथं सगळी गोम आहे. बहुतेक शाळा दोनच पोरांकडे बघतात. छळणाऱ्याला उपदेश आणि ज्याला त्रास होतो त्याला 'खंबीर हो, लक्ष देऊ नको'. उरलेला वर्ग, जो दात काढत बघत उभा असतो, त्याच्याकडे कुणी वळतच नाही. माझ्या मते तास त्यांचा आहे.

एखाद्याला पाडलेलं नाव टिकतं ते हसणाऱ्यांच्या जिवावर. कुणी हसलंच नाही तर दोन दिवसांत पाडणाऱ्यालाच कंटाळा येतो. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाली यांनी याच बघ्यांचा अभ्यास केला: कोण हातभार लावतो, कोण हसून चेव आणतो, कोण नुसता बघतो, कोण मध्ये पडतो. 'किवा' हा तिथला शाळांमधला छळविरोधी कार्यक्रम याच पायावर उभा आहे. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावरचे असे प्रसंग कॅमेऱ्यात टिपले होते, त्याचा निबंध २००१ साली आला. दर पाच प्रसंगांत जेमतेम एकात दुसरं मूल मध्ये पडलं होतं. पण जिथं पडलं, तिथं निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत प्रकार थांबला. दहा सेकंद! आम्ही हेडसरांच्या केबिनमध्ये तासभर चौकशी करतो.

आमच्याकडचा प्रसंग सांगतो. दिवाळीच्या आसपास आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली लेकरं मार्च-एप्रिलात गावी परततात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, पण सगळी नाही. आली की वर्गात त्यांना 'कोपीवरचा' (कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी) म्हणून चिडवायचं ठरलेलं. अशाच एका मुलाच्या ताटाला खिचडीच्या रांगेत रोज कुणीतरी खालून हात मारायचा. खिचडी सांडली की रांग खदाखदा हसायची. विचारलं की ठरलेलं उत्तर, "मजाक करू लागलो सर."

मी त्याबद्दल भाषण दिलं नाही. तासाला पोरांना गोलात बसवलं, हाच प्रसंग दुसऱ्या कुणाच्या नावावर घालून तिघांना करून दाखवायला लावला आणि बाकीच्यांना विचारलं, "तू रांगेत मागं उभा आहेस. तुझ्या तोंडातून नेमकं कोणतं वाक्य निघेल?" आधी आलं, "सरांना सांगीन." मागून लगेच कुणीतरी "चहाडखोर!" मग आलं, "कानफटात देईन." त्यावर टाळ्या. मग एक मुलगी म्हणाली, "मी म्हणीन, ये बरं इकडं, आमच्यात एक गडी कमी हाय." वर्ग जरा थांबला. या वाक्यात कुणाचा अपमान नाही, भांडण नाही, म्हणणाऱ्याच्या अंगावर काही येत नाही आणि ज्याला छळताहेत तो तिथून सन्मानाने बाहेर पडतो. ते वाक्य आम्ही सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, अगदी पाढे म्हणवतो तसं. पुढं ते मैदानावर कानावर पडायला लागलं. प्रत्येक वेळी नाही, पण पडायला लागलं.

सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात ते हेच: आपल्या मनात काय चाललंय ते ओळखणं, ते आवरणं, समोरच्याच्या मनातलं ओळखणं, नातं नीट ठेवणं आणि विचार करून ठरवणं. आमच्या पोरांकडे पहिल्या गोष्टीसाठी 'राग आला' एवढंच वाक्य असतं. लाज वाटली तरी राग, कुणी खेळायला घेतलं नाही तरी राग. ते वेगळं काढायला शिकवण्यात बराच वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा.

'यात अभ्यास बुडतो' असं पालकसभेत कुणीतरी म्हणणारच. अशा २१३ कार्यक्रमांचा आणि २,७०,०३४ विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांचं वागणं तर सुधारलंच, अभ्यासातली कामगिरीही सरासरी ११ शततमक अंकांनी (पर्सेंटाइलने) वर गेली, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधला मुलगा साधारण ११ जागा पुढं सरकला. आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असंही नाही. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' कार्यक्रम २००९ साली आमच्याच बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत सुरू झाला आणि पुढं राज्यभर गेला. वर्गाचे नियम पोरांनीच ठरवायचे, जोडीने आणि गटाने बोलायचं, ही पद्धत इथल्या जुन्या शिक्षकांच्या हाताखालून गेलेली आहे. तुमच्या शाळेत असं कुणी असेल तर तास त्यांच्याकडे द्या म्हणावं.

आता हा तास फुकट कसा जातो तेही सांगतो, कारण तसाच जास्त जातो.

छळणारा आणि छळला जाणारा, दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवा बरं, हात मिळवा' करणं, हा आपल्याकडचा सगळ्यात आवडता उपाय आणि सगळ्यात वाईट. दोन बरोबरीच्या पोरांचं भांडण झालं असेल तर ठीक. पण नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वियस यांनी छळाची जी व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: मुद्दाम केलेलं, पुन्हापुन्हा केलेलं, आणि दोघांची ताकद सारखी नसणं. ताकद सारखी नसेल तिथं समेट म्हणजे दुबळ्याने पुन्हा वाकणं. सरांसमोर हात मिळवतात आणि गेटाबाहेर हिशोब चुकता करतात. पोरांनाच पंच नेमून निवाडे करायला लावणंही टाळावं. बघ्याने मित्राला बाजूला बोलावून नेणं वेगळं आणि न्यायाधीश होणं वेगळं.

दुसरं, मास्तर. जो शिक्षक फळ्यापाशी उभा राहून 'ए ढ, ऊठ' म्हणतो, त्याने शुक्रवारी सहानुभूतीचा तास घेऊन उपयोग नाही, वर्गाला परवाना सोमवारीच मिळालेला असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षाच नाही, मानसिक त्रास देणंही बंद आहे. आमच्या बिरादरीला हे ऐकायला आवडत नाही.

आणि जातीवरून हिणवणं असेल, मुलींची छेड असेल, किंवा अंगाला घाणेरडा हात लावणं असेल, तर ते या तासाचं कामच नाही. तिथं मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी, लेखी, कारवाई करायची. गोलात बसून भावना व्यक्त करण्याने ते झाकलं जातं.

म्हणून शाळेत गेल्यावर 'तास घेता का' एवढ्यावर थांबू नका. मधल्या सुट्टीत संडासाच्या मागं आणि पाण्याच्या टाकीपाशी कोण उभं राहतं, ते विचारा. छळ फक्त वर्गात नाही, तिथंही होतो. केंब्रिज विद्यापीठातले संशोधक टोफी आणि फॅरिंग्टन यांनी २०११ साली छळविरोधी कार्यक्रमांचा आढावा घेतला, त्यात छळण्याचं प्रमाण २० ते २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. ज्या कार्यक्रमांत मैदानावर मोठ्यांची देखरेख आणि पालकांच्या बैठका होत्या, त्यांचा परिणाम जास्त होता. तक्रारपेटी आहे का, तिची किल्ली कुणाकडे असते, हेही विचारा. पेटी असते, कुलूप गंजलेलं असतं.

घरी मुलाला 'तूही दोन ठेवून दे' सांगू नका. जाड चष्म्याच्या लेकराला ते जमणार नाही, आणि आपण बापाचंही ऐकू शकलो नाही, ही आणखी एक लाज त्याच्या डोक्यावर बसेल. त्यापेक्षा वर्गातला एखादा तरी बऱ्या मनाचा पोरगा हेरा. त्याला आणि त्याच्या घरच्यांना एकदा जेवायला बोलवा. वर्गात एक जरी मित्र असला तरी टपल्या मारणारे आधी बघून घेतात.

शाळा लगेच बदलू नका, नव्या वर्गातही चष्मा तोच असेल. पण सकाळी शाळेच्या वेळेला रोज पोट दुखू लागलं, जेवण सुटलं, झोप उडाली, किंवा 'मी नसलेलं बरं' असं काही तो बोलला, तर कोणत्याही तासाची वाट बघायची नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. आणि त्या परिस्थितीत शाळा बदलावी लागली तर खुशाल बदला, त्यात हार नाही.

तोवर मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा: कोणत्या तारखेला, कुठं, काय झालं आणि तिथं कोण कोण हजर होतं. 'माझ्या मुलाला सगळे त्रास देतात' असं मोघम लिहू नका. तोंडी सांगितलेलं शाळेत कुणाच्या लक्षात राहत नाही, तेव्हा दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या.