गुऱ्हाळावर कॅमेरा नेण्याआधी

कोल्हापूर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा घरी आलीस तेव्हा तासभर कॅमेऱ्यांच्या किमतीच सांगत होतीस. तुझ्या आजोबांवर, आबांवर फिल्म करायची आहे, हे मात्र पार निघताना, उंबऱ्यात चप्पल घालता घालता बोललीस. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

कॅमेरा घेऊ नकोस. हातातला मोबाइल पुरे. त्यात शटर हातानं ठरवता येईल असं अ‍ॅप टाक आणि सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद असं ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. मोबाइल आपल्या मनानं ३० फ्रेम धरतो, आणि मग पहाटेच्या गुऱ्हाळात चित्रावर पट्टे पळायला लागतात. एक्सपोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते, आबांच्या चेहऱ्यावर धरून लॉक कर. नाहीतर काहिलीतून, रस उकळायच्या त्या मोठ्या कढईतून, वाफेचा लोट उठला की मोबाइल त्या पांढऱ्याला भुलेल आणि आबा काळे पडतील. दर दहा मिनिटांनी लेन्स सुती कापडानं पूस, वाफ आणि चिपाडाची राख दोन्ही बसतात.

वाचलेले पैसे आवाजात घाल. कॉलरचा एक बरा माइक घे आणि हेडफोन कानाला लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नकोस. उसाचा चरक चालू असताना आबांना काही विचारू नकोस, ते शब्द नंतर कशानंही सुटे होत नाहीत. दर ठिकाणी कुणी न बोलता एक मिनिटभर नुसता तिथला आवाज घेऊन ठेव, जोडकामात, म्हणजे एडिटिंगमध्ये, तोच सांधे बुजवतो.

एवढं यंत्राचं. आता खरं सांगायचं ते.

मी शिकलो तेव्हा १६ मिलिमीटर फिल्मचा ४०० फुटी रोल ११ मिनिटांत संपायचा. माणूस बोलता बोलता अडला की आमचा जीव वरखाली. मग मिनीडीव्ही आली. बोटाएवढ्या टेपमध्ये तासभर मावायचं. मी सेकंडहँड कॅमेरा घेऊन सुभाषनगरात एका चप्पल करणाऱ्या काकांपुढं बसलो. चाळीस मिनिटं ते चामड्याची वादी वळत राहिले, मीही गप्प. मग मान वर न करता ते बायकोबद्दल बोलायला लागले. ती चपलेची वेणी घालायची, तिच्या हातासारखी वीण परत कुणाला जमली नाही, असं. विचारलं असतं तर जन्मात सांगितलं नसतं.

ती टेप आज माझ्याकडं नाही. पैशाची ओढाताण होती, एका लग्नाच्या शूटिंगला टेप कमी पडली आणि मी तीच मागं फिरवून वापरली. काका गेले, त्यांचा आवाज कुठंच उरला नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं. म्हणून तुला बजावतो: त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर कॉपी, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. तोवर मोबाइलमधलं काही पुसायचं नाही.

डिजिटलनं आपल्याला काय दिलं असेल तर हे बसून राहणं. पोरं त्याचा उपयोग भाराभर शॉट घ्यायला करतात आणि तीनशे क्लिपांच्या ढिगाऱ्यात अडकतात. तू एका आधणाला, म्हणजे एका काहिलीभर रसाला, एकच जागा धर. रस काहिलीत पडल्यापासून मळी काढणं, भेंडीचं पाणी, आबांनी पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघणं, थंड व्हायला वाफ्यात ओतणं, सगळं तिथूनच. दुसऱ्या दिवशी दुसरी जागा. गोळी बघतानाची ती दोन बोटं मात्र जवळून घे, पन्नास वर्षांचा चटका त्यांनी सोसलाय. ड्रोन नको, सनई नको, आणि आबांच्या मनात काय चाललंय हे सांगणारा तुझा आवाजही नको.

घरच्या माणसावर फिल्म करणं अवघड असतं. आबा कर्जाचं बोलतील, तुझ्या काकांशी झालेल्या वाटणीचं बोलतील, कारण समोर नात आहे, कॅमेरा त्यांच्या लक्षातही नसेल. ते सगळं घे, पण जोडून झालं की आधी त्यांना एकट्याला दाखव. ते म्हणाले हे काढ, तर काढ. फिल्म थोडी लंगडी झाली तरी चालेल, मी कुणाशीही त्यावर भांडेन.

मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही, असंही म्हणालीस. याच गावात बाबूराव पेंटरांनी नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर सिनेमाचं यंत्र घडवायला घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी मागं न हटता कॅमेरा इथंच पुरा केला आणि १९२० मध्ये त्यावरचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून रोज जातेस, एकदा थांबून बघ.

दिवाळीच्या पाडव्याला गुळाचे सौदे निघतील. त्याआधी चार दिवस मोबाइल खिशात ठेवून नुसती गुऱ्हाळावर जा, काहिलीखालच्या चुलवाणापाशी बस. पहिल्या दिवसाचं शूटिंग न कापता घेऊन ये. कितीही तासांचं असू दे, मी अख्खं बघेन.

तुझा,
सर