पेशंट आले नाहीत तर? घोडबंदर रोडवरच्या एका दवाखान्याचा हिशेब

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीत राहणाऱ्या एक डेंटिस्ट स्वतःचा दवाखाना काढण्याबद्दल आमच्याकडे समुपदेशनाला आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नौपाड्यातल्या एका दवाखान्यात सहा वर्षे टक्केवारीवर काम. सासऱ्यांनी एफडी मोडून १२ लाख द्यायची तयारी दाखवलेली, वाघबीळच्या बाजूला गाळा पाहून ठेवलेला, डेंटल चेअरचे कोटेशन पर्समध्ये. आणि प्रश्न एकच: "नोकरी सोडली आणि पेशंटच आले नाहीत तर?"

दवाखाना काढायला निघालेले बहुतेक जण हाच प्रश्न घेऊन येतात. इथे धीर देऊन भागत नाही. "किती आले म्हणजे आले?" असे विचारले, तेव्हा त्यांच्याकडे आकडाच नव्हता. भीती मोठी वाटत होती ती त्यामुळे.

आकडा असा निघाला. गाळ्याचे भाडे ३८,०००. असिस्टंटचा पगार १४,०००. चेअर आणि एक्स-रे कर्जावर घेतले तर हप्ता १७,०००. वीज ५,०००, साफसफाई ३,०००, जैववैद्यकीय कचरा, इंटरनेट आणि किरकोळ मिळून ४,०००. एकूण ८१,०००. त्यात घरकर्जातला त्यांचा वाटा ४०,००० धरला की महिन्याला १,२१,०००. जमा होणाऱ्या शंभर रुपयांतले साधारण पंचवीस दातांच्या टोप्या (क्राउन) बनवणाऱ्या लॅबला आणि मटेरियलला जातात, म्हणजे जमा हवी सुमारे १,६१,०००. महिन्याचे २५ दिवस धरले तर दिवसाला जवळपास ६,५००. जुन्या दवाखान्यातल्या त्यांच्या कामाची सरासरी एका भेटीला १,१०० रुपये पडत होती. म्हणजे रोज सहा भेटी. रूट कॅनालचा पेशंट पुन्हा पुन्हा येतो, म्हणून सरासरी तीन भेटी धरल्या तर रोज दोन नवे चेहरे.

हे ऐकून त्या हसल्या, "दोनच?" दोनच, पण पहिल्या दिवसापासून नाही. शून्यापासून तिथवर पोचायला आठ महिने लागतील असे धरले, तर मधली तूट पाच लाखांच्या आसपास जाते. त्यांच्या १२ लाखांच्या यादीत या तुटीसाठी एक रुपयाही नव्हता. फर्निचर पाच लाख, चेअर-कंप्रेसर साडेतीन, एक्स-रे आणि सेन्सर दीड, ऑटोक्लेव्ह (हत्यारे निर्जंतुक करायचे यंत्र) आणि हत्यारे एक, डिपॉझिट एक. आमच्या मते नवे दवाखाने पेशंटअभावी जितके बंद पडतात, तितकेच पीओपीच्या छतापायी पडतात. फर्निचर दोन लाखांवर आणले, चेअर आणि एक्स-रे कर्जावर टाकले. हातातून चार लाख जातात, पाच लाख तुटीसाठी राहतात, उरलेल्या तीन लाखांची एफडी मोडायची गरजच नाही.

मग गाळा. वाघबीळचा गाळा हायवेच्या एका बाजूला, त्यांच्या ओळखीची वस्ती दुसऱ्या बाजूला. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दात साफ करायला हायवे कोणी ओलांडत नाही. ठणका असेल तर ओलांडतो, पण तेवढ्यावर दवाखाना चालत नाही. सलग तीन दिवस संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ त्या गाळ्यासमोर उभे राहून किती माणसे चालत जातात ते मोजायला सांगितले. त्या मोजून आल्या आणि गाळा बदलला. आनंदनगरमध्ये, तळमजल्यावर, भाडे तेवढेच.

तळमजला हवा तो केवळ पायऱ्या टाळायला नाही. डेंटल चेअरला पाणी, ड्रेन, हवा आणि वीज अशा चार लाइन जमिनीखालून लागतात. वरच्या मजल्यावर स्लॅब फोडता येत नाही, मग चार-सहा इंचांचा ओटा बांधतात आणि आजोबा त्यालाच अडखळतात. चेअरला हवा देणारा कंप्रेसर तेलविरहित घ्यावा, आणि तो वरच्या फ्लॅटच्या बेडरूमखाली ठेवू नये, नाहीतर पहिली तक्रार सोसायटीचीच. घोडबंदरला बऱ्याच ठिकाणी टँकरचे पाणी असते. त्यातल्या क्षारांनी हँडपीस (दात कोरायचे यंत्र) चोंदतात, ऑटोक्लेव्हचे हीटिंग जाते. चेअरला बाटलीतले शुद्ध पाणी, ऑटोक्लेव्हला डिस्टिल्डच.

करार अकरा महिन्यांचा होणार होता. इतके प्लंबिंग करून अकराव्या महिन्यात मालकाने नाही म्हटले तर? लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येते, नोंदणी तशीही सक्तीची आहे. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याची मुदत, मालकाला लांब, आपल्याला छोटी, आणि फर्निचरच्या कामासाठी पहिला महिना बिनभाड्याचा, हे आधी बोलून घ्यायचे. मीटर घरगुती असेल तर महावितरणकडे वापराचा प्रकार बदलून घ्यायचा. अनधिकृत वापर सापडला तर आकारणी दुप्पट दराने होते.

कागदपत्रांची भीती त्यांना सगळ्यात जास्त होती, खरे तर ते काम सोपे आहे. खाटा नसलेल्या दवाखान्याला नर्सिंग होमची नोंदणी लागत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कचऱ्याची परवानगी खाटा नसतील तर एकदाच घ्यायची, पण कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार हवा आणि वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. काढलेला दात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, पिवळ्या पिशवीतले ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचे नाही. एक्स-रे मशीन एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) टाइप-मान्यता, म्हणजे त्या मॉडेलला मंजुरी, असलेलेच घ्यायचे आणि मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर नोंदवायचे. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. आणि एक मेख: उपचारांवर जीएसटी नाही, पण निव्वळ दिसण्यासाठी दात पांढरे करून देणे त्या सवलतीत बसत नाही. अशी करपात्र सेवाही देत असाल आणि वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते, आणि त्या उलाढालीत करमुक्त उपचारही धरतात. दात पांढरे करायचा बोर्ड लावण्याआधी सीएला विचारलेले बरे.

नोकरी त्यांनी एकदम सोडली नाही. आठवड्यात तीन सकाळी जुना दवाखाना, रोज संध्याकाळी सहा ते दहा स्वतःचा, रविवारी सकाळी. मुंबईहून परतणारे लोक आठच्या आत घरी पोचत नाहीत, सकाळी अकराला रिकाम्या खुर्चीचे भाडे भरायचे कशाला? जुन्या दवाखान्यातले पेशंटचे नंबर मात्र उतरवून आणायचे नाहीत, हे बजावून सांगितले. जवळच्या फिजिशियनना भेटायचे ते मधुमेहाच्या पेशंटच्या हिरड्यांबद्दल बोलायला. पेशंट पाठवल्याबद्दल कट (कमिशन) द्यायचा नाही. नियमात बसत नाही आणि एकदा दिला की थांबवता येत नाही.

उठताना त्यांनी हळूच विचारले, नातेवाइकांकडून पैसे घ्यायचे का? स्वतःच्या फीमध्ये हवी तेवढी सूट द्या. पण क्राउनचे लॅबचे बिल आधी सांगा आणि पहिल्याच बैठकीत घ्या. सासूबाईंचे आधीच ठरले होते, दोन क्राउन आणि एक ब्रिज.